बाहेरून लावलेले कुलूप

मित्रांनो, तुमच्या पुस्तकांत सूडाला चांगली जागा मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही मी त्याचीच गोष्ट सांगणार आहे. मी एक जुने पितळी कुलूप आहे.

माझा जन्म एका अबोल कारागिराच्या हातून झाला. चोरांवर त्याचा फार राग होता. माझ्या पोटावर त्याने किल्लीसाठी एक सुबक खाच कोरली आणि ती खोटी ठेवली. कोणतीही किल्ली घाला, तिथे ती नुसतीच फिरते. खरी खाच माझ्या पाठीवर, एका सरकत्या पट्टीखाली आहे. कडेचा बारीक खिळा अंगठ्याने दाबला की पट्टी सरकते. मात्र लागलीच किल्ली घातली नाही, तर तीच पट्टी झटक्याने परत येऊन अंगठा धरते, आणि खरी किल्ली फिरवल्यावाचून सोडत नाही. "चोर नुसता हात हलवत परत गेला, तर काय उपयोग?" असे म्हणत त्याने मला शेवटची कानस मारली. मला वाटले, आता आपण सज्जनांची घरे राखणार.

मला विकत घेतले ते बुटांच्या एका कारखानदाराने. तिथे काम करणाऱ्या बायका त्याच्या पाठीमागे त्याला अत्तरसाहेब म्हणत. आत बुटांना तळवे चिकटवण्याचे काम चाले. चिकटवायच्या सोल्यूशनच्या वासाने डोकी जड होत, डोळे चुरचुरत. हा मात्र दारात सुगंध दरवळवत उभा असे. माल वेळेवर निघावा, कोणी मध्येच उठून बाहेर जाऊ नये, म्हणून तो मला दाराला बाहेरून लावी. माझे कौतुकही पुष्कळ झाले. "कुलूप असावं तर असं!" तो पाहुण्यांना सांगे, आणि मऊ फडक्याने मला पुसून काढी. त्या कौतुकाची मला आज शिसारी येते.

एका दुपारी आत सोल्यूशनचा मोठा डबा कलंडला. खिडक्या खिळे ठोकून बंद केलेल्या होत्या. आधी खोकला ऐकू आला, मग दारावर थापा. "अहो, उघडा! पोरी पडायला लागल्यात!" एक बाई सर्वांच्या वर आवाज चढवून ओरडत होती. तिची प्रत्येक थाप माझ्या अंगात उतरत होती, आणि मी माझ्या कामात चोख होतो. शेजारच्या गोदामातले हमाल पहार घेऊन धावले. त्यांनी कोयंडा उपटला. त्या तुकड्यासकट, बंदच्या बंद, मी धुळीत पडलो. दाराखालच्या फटीशी हवेसाठी इतरांना आधी ढकलणारी ती बाई सर्वांत शेवटी बाहेर आली आणि कोसळली. ती पुन्हा उठली नाही. तिला एक लहान मुलगी होती.

चौकशीत अत्तरसाहेब शांतपणे म्हणाला, "कुलूप? दाराला कुलूप कधी नव्हतंच. गप्पा मारायच्या म्हणून त्या बाईनंच आतून कडी घातली." कामाच्या भीतीने बायकांनी तोंड उघडले नाही, हमालांना कोणी विचारलेच नाही, आणि त्याचे म्हणणे खरे धरले गेले. मृत माणसाला उलट बोलता येत नाही.

तिची धाकटी बहीण कारखान्यात तिच्या शेजारच्याच पाटावर बसून काम करत असे. तिने मला पिशवीत घालून घरी नेले आणि भीतीने डब्यांच्या मागे दडवले. पोरकी भाचीही तिच्याच घरी वाढली. गंज बाहेरून चढतो, असे लोक समजतात. माझ्यावर तो आतून चढत होता.

मुलगी मोठी झाली. फार बोलत नसे, म्हणून वर्गात तिला घुमी म्हणत. एकदा चित्रकलेच्या बाईंनी शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलांना सांगितले, "माणसांचे हक्क कसे तुडवले जातात, ते दाखवा. भाषण नको. बाहुल्या करा, चित्रं काढा, काहीतरी उभं करा." त्या संध्याकाळी घुमी मावशीसमोर येऊन बसली.

"मावशी, ते कुलूप दे."

"कसलं कुलूप?"

"डब्यामागचं. मी कधीच पाहिलंय."

मावशीच्या हातातली सुई थांबली. "शाळेचा अध्यक्ष कोण आहे, ठाऊक आहे ना? उद्या दाखला हातात ठेवतील."

"तो आहे म्हणूनच नेतेय."

"अगदी आईवर गेलीस, बाई," मावशी म्हणाली, आणि डबे बाजूला सारले. "त्याला पुढून किल्ली लागत नाही हं. सकाळी दार उघडताना तो आमच्याकडे पाठ करून काहीतरी दाबायचा. काय, ते आम्हाला कधी दिसलं नाही."

मुलांनी पुठ्ठ्याचे मोठे दार उभारले. मला निळा रंग दिला आणि कोयंड्याच्या तुकड्यासकट त्या दाराला अडकवले. घराघरांतून जुन्या किल्ल्या आणून परातीत ठेवल्या, वर पाटी लावली: 'आत माणसे आहेत. उघडा.' प्रदर्शनाच्या दिवशी नुसती झुंबड उडाली.

"अरे, ही तर तुझ्या बाबांच्या कपाटाची किल्ली!"

"म्हणूनच आज आई त्यांच्यावर भडकलीय!"

सगळे माझ्या खोट्या खाचेशी झटून परत गेले. मग मला तो वास आला. शाळेचा अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणा म्हणून अत्तरसाहेब येत होता. घुमी दाराशेजारी उभी होती. तो नुसता हसून पुढे गेला असता, तर कडी घालणारी तिची आईच राहिली असती.

"साहेब, आपलाही हात लागू द्या," मुख्याध्यापक म्हणाले.

"कुलपाशी असं भांडायचं नसतं, बाळांनो. गोडीनं घ्यायचं." त्याने परातीतली एक किल्ली उचलली, दुसऱ्या हातात मला घेतले आणि मुख्याध्यापकांशी नव्या सभागृहाबद्दल बोलू लागला. तोंड बोलत राहिले. अंगठा आपल्या सवयीने माझ्या कडेला गेला आणि त्याने खिळा दाबला.

पट्टी सरकली.

"अय्या, मागे पण खाच आहे!" एक पोरगी ओरडली.

तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे पाहिले. निळ्या रंगाखाली मला ओळखले. हात मागे घेणार, तोच मी त्याचा अंगठा धरला.

"काढा रे हे!"

"साहेब, कुठली किल्ली देऊ? ही बघू?" मुले मनापासून परात पुढे करत होती. शिपाई तेल घेऊन धावला. अत्तरसाहेब जितका ओढी, तितका मी आवळत होतो. त्याचे कपाळ घामाने भिजले. मला दया आली नाही. खरे सांगतो, मला ते फार आवडले.

मग घुमी बोलली. "साहेब, तुमच्या जुडग्यातली लावून बघा ना."

किल्ली फेकून देण्यासाठी माणसाला थोडी तरी भीती वाटावी लागते. त्याला ती कधी वाटलीच नव्हती. वेदना वाढली, तेव्हा मोकळ्या हाताने त्याने खिशातून जुडगा काढला. किल्ली शोधावी लागली नाही. ती फिरली, आणि त्या दुपारनंतर मी पहिल्यांदा उघडलो.

गर्दीतून मावशीचा आवाज आला, मुळीच न चढवलेला: "दाराला कुलूप कधी नव्हतंच ना, साहेब?"

"काय चेष्टा लावलीय!" तो ओरडला. हसले कोणीच नाही. चित्रकलेच्या बाईंनी मला दारावरून उतरवून घेतले आणि त्याने हात पुढे केला, तरी दिले नाही.

मित्रांनो, ते प्रकरण पुन्हा उघडले आहे, आणि आता मी न्यायालयाच्या कपाटात, मोहोर लावलेल्या पिशवीत आहे. अशी कुलपे बाजारात खूप मिळतात, असे त्याचा वकील सांगतो. पण इतकी वर्षे गप्प राहिलेल्या बायका मावशीपाठोपाठ जबाब देऊन गेल्या. तो सुटेल की अडकेल, मला माहीत नाही. एवढे खरे की, 'त्या बाईनेच कडी घातली' हे आता त्याला सिद्ध करावे लागेल. तिच्या मुलीला मान खाली घालावी लागणार नाही.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. कुठे आतून माणसांचे आवाज येत असतील आणि कुलूप बाहेरून असेल, तर ते कितीही सुबक असो, तोडा. आम्हाला दुखत नाही.