बाकावरचा तपास

मी एक जुना बाक आहे. उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये, टावर चौकापासून हाकेच्या अंतरावर, एका मराठी वाचनालयाच्या ओसरीवर मी उभा असतो. मित्रांनो, तुम्हांला खरं सांगतो, माझ्यावर बसलेली बहुतेक माणसं उठण्याआधीच माझ्या मनातून उतरलेली असत.

माझा जन्म ग्वाल्हेर सरकारच्या अमदानीतला. अस्सल सागवान, पाठीला कोरीव वेलबुट्टी. नारळ फोडून मला इथे ठेवलं, तेव्हा अध्यक्ष म्हणाले होते, "यावर बसून लोक विचार करतील." मीही भोळा. वाट पाहत राहिलो. स्वातंत्र्याच्या दिवशी एक गृहस्थ बुटांसकट माझ्यावर चढले आणि लोकांच्या जबाबदारीवर भाषण देऊन उतरले. बुटांचे ओरखडे माझ्यावर राहिले. भाषणातलं त्यांना दुसऱ्या दिवशी काही आठवत नव्हतं.

संध्याकाळच्या मंडळींचे म्होरके होते भय्यासाहेब. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात होते, आणि हे ते पाणी मागतानासुद्धा सांगत. त्यांच्या शेजारी श्रीनाथ मास्तर बसायचे. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, बोलण्यातून नाही. बाकीचे येत-जात असत आणि 'हो ना, बराबर आहे' म्हणत.

देश स्वतंत्र होऊन वर्ष होत आलं होतं. ग्वाल्हेर सरकार जाऊन मध्यभारत आला होता. त्या उन्हाळ्यात सोमवती अमावास्येला राम घाटावर स्नानाची मोठी गर्दी झाली. कचेरीतले कारकून दत्तात्रय आणि त्यांची बायको अहल्याबाई पाच वर्षांच्या सुलूला घेऊन गेले होते. अहल्याबाईंनी ओलं लुगडं पिळायला पोरीचा हात सोडला. पिळून वळून पाहतात तर सुलू नाही.

पोलिसांनी घाट पालथे घातले, धर्मशाळा पाहिल्या, क्षिप्रेच्या डोहात नावा घातल्या. सुलू मिळाली नाही. नव्या राज्यात बदल्या सुरू झाल्या, शोध करणारी माणसं बदलली आणि शोध हळूहळू थंडावला.

माझ्यावरचा तपास मात्र त्या दिवसापासून जोरात सुरू झाला.

दुसऱ्याच संध्याकाळी भय्यासाहेब येऊन बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अरे भाई, मी तर पोरीला पाहिलं ना! काल दुपारी बहिणीला सोडायला स्टेशनवर गेलो होतो. नागद्याची गाडी सुटत होती. खिडकीत दत्तात्रयची पोरगी. एका बाईच्या मांडीवर बसून रडत होती."

"क्या बात है!" मास्तर म्हणाले. "मग?"

"मग काय? गाडी गेली."

कोणीतरी म्हणालं, ठाण्यात जाऊन सांगायला पाहिजे. भय्यासाहेबांनी भुवया उंचावल्या. "आमच्या घराण्यात ठाण्याची पायरी कोणी चढलं नाही. त्यांना गरज असेल तर येतील विचारायला."

मंडळींनी माना डोलावल्या. दत्तात्रयांचं घर मागच्या गल्लीत होतं. विडी पेटवून विझेपर्यंत माणूस तिथे जाऊन आला असता. कोणी गेलं नाही. ज्याला त्याला वाटलं, दुसरा सांगेल. चार दिवसांनी ती गोष्ट शिळी झाली, आणि शिळी गोष्ट माझ्यावर कोणी दोनदा ऐकत नसे. नवी पाहिजे होती.

मग नव्या गोष्टी निघाल्या. पहिल्या वर्षी म्हणाले, बाईचं लक्ष नव्हतं, बांगडीवाल्याशी बोलत होती. पुढल्या वर्षी म्हणाले, मुलगा पाहिजे होता म्हणून पोर गर्दीत सोडली. दत्तात्रय खचले आणि तापाच्या निमित्तानं वारले, तेव्हा मास्तर म्हणाले, "त्याला सच्चाई कळली असणार, म्हणून गेला." अहल्याबाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवू लागल्या, तर म्हणाले, "पाहा, कशी ताठ चालते! जिचं मूल गेलं ती अशी चालते का?"

त्या रोज शाळेतून घरी जाताना वाचनालयावरून जात. त्या दिसल्या की माझ्यावरची कुजबुज थांबे, सगळे वर्तमानपत्रात डोकी घालत. एकदा मास्तरांचं वर्तमानपत्र उलटं होतं. त्या पुढे गेल्या की पुन्हा सुरू. मित्रांनो, कुत्रीसुद्धा माणूस समोर असताना भुंकतात.

वर्षं गेली. मध्यभारत मोडला, मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. माझ्यावर चार दिवस तिचीच चर्चा झाली. मग ती विटली, आणि पुढल्या उन्हाळ्यात मास्तर म्हणाले, "दत्तात्रयच्या घरामागं ती जुनी बावडी आहे ना? पोरगी तिच्यातच आहे. आमची कुसुम म्हणते, तिथून वास यायचा."

मास्तरांची बायको कुसुम. वास तिला नऊ वर्षांनी आला.

ही गोष्ट मात्र कोणाला ठाण्यात न्यायला जड गेली नाही. मास्तर स्वतः गेले, छत्री घेऊन. नवे थानेदार दिलीपसिंह तरुण होते, नुकतेच उज्जैनला आले होते. थंड पडलेला शोध त्यांनी पुन्हा उघडला आणि बावडी उपसायचा हुकूम दिला.

त्या दिवशी माझ्यावर कोणी नव्हतं. सगळी ओसरी बावडीवर गेली होती. काय झालं ते संध्याकाळी त्यांच्याच तोंडून ऐकलं. लोक गच्च्यांवर बसून पोहे-जिलबी खात होते. पाणी उपसताना अहल्याबाई काठावर उभ्या होत्या. कोणी त्यांना बसायला पाट दिला नाही, कोणी त्यांच्याजवळ जाऊन उभंही राहिलं नाही. गाळातून फुटकी मडकी निघाली, एक पितळी लोटा निघाला, आणखी काही नाही. त्या तिथेच खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. नऊ वर्षांत त्यांना रडताना लोकांनी पहिल्यांदा पाहिलं.

आणि माझ्यावर काय बोलणं झालं, सांगू? मास्तर धप्पकन बसले आणि म्हणाले, "काहीच नाही निघालं हो! फुकट गेला सगळा दिवस."

एका आईचं मूल बावडीत मेलेलं निघालं नाही, म्हणून ही माणसं हिरमुसली होती. त्या संध्याकाळी मला माझ्या लाकडाची लाज वाटली नाही, त्यांच्या हाडामांसाची वाटली.

तेवढ्यात थानेदार आले आणि ओसरीच्या पायरीवर उभे राहिले. चेहरा उतरला होता. "मास्टर साहब," ते म्हणाले, "आपके कहने पर एक माँ को सारे शहर के सामने खड़ा कर दिया मैंने."

मास्तर चष्मा पुसू लागले. साहेब स्वतः ओसरीवर आले आहेत, हे पाहून भय्यासाहेबांच्या अंगात मात्र दरबार संचारला. "थानेदार साहब, बावडी में कैसे मिलेगी? लड़की तो नागदा की गाड़ी में गई. मैंने अपनी आँखों से देखा."

थानेदार वळले. "कब?"

"उसी दिन. मैं तो पहले दिन से बता रहा हूँ."

"किसको?"

"सबको!" भय्यासाहेबांनी अभिमानानं माझ्या पाठीवर थाप मारली. "इसी बेंच पर!"

थानेदार पायरीवरच बसले. मग त्यांनी एकेक गोष्ट विचारली, आणि भय्यासाहेबांना सगळं आठवत होतं. बाईनं हिरवी ओढणी घेतली होती, हातात चांदीचं कडं होतं, बरोबरच्या माणसाजवळ रेल्वेची लाल-हिरवी बत्ती होती. थानेदार उठले. जाताना कोणाला नमस्कार केला नाही.

पुढलं सोपं होतं. तेव्हा नागद्याच्या बाजूला कामाला असलेली रेल्वेची माणसं शोधायची होती. पंधरवड्यात सुलू सापडली. एका सांधेवाल्याच्या घरी, चौदा वर्षांची, नाव सुमन. घाटावरून माणसांच्या लोंढ्याबरोबर ती स्टेशनपर्यंत वाहत गेली होती आणि गर्दीनं तिला डब्यात चढवलं होतं. सांधेवाल्याच्या बायकोनं तिला मांडीवर घेतलं. पोरीची भाषा त्यांना कळेना. उतरल्यावर त्यांनी स्टेशनात सांगितलं, वाट पाहिली. कोणी आलं नाही. त्यांना मूल नव्हतं, त्यांनी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. उज्जैनमध्ये आई रोज घाटावर जाऊन पाहत होती, नागद्यात ते दोघं दार वाजण्याची वाट पाहत होते. मधे फक्त हा बाक होता, आणि त्यावर बसलेली तोंडं.

दोन्ही आयांनी मिळून ठरवलं, मुलीनं शाळेसाठी उज्जैनला राहायचं आणि सुट्टीत नागद्याला जायचं. मुलगी मराठी विसरली होती. अहल्याबाईंना ती कोणत्याच नावानं हाक मारत नव्हती, असं शेजारणी सांगत.

आणि वाचनालयानं काय करावं? भय्यासाहेबांचा सत्कार! 'बालिकेच्या शोधात अमूल्य सहकार्य' म्हणून. ओसरीवर सतरंजी पसरली, मला मधोमध ठेवलं, माझ्यावर भय्यासाहेब जरीची टोपी घालून बसले. हार घालायला अहल्याबाईंना बोलावलं. त्या आल्या, मुलीचा हात धरून. मास्तरांनी हार त्यांच्या हातात दिला.

हार तसाच धरून त्यांनी विचारलं, "भय्यासाहेब, त्या दिवशी तिच्या अंगात काय होतं?"

"पिवळा फ्रॉक," भय्यासाहेब खुशीत म्हणाले. "खांद्यावर ठिगळ होतं, हिरवं. मला सब याद आहे."

"ठिगळ मीच लावलं होतं," अहल्याबाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही चांगलं निरखून पाहिलं होतं. हे गेले तेव्हा तुम्ही खांदा द्यायला आला होता. तेव्हाही बोलला नाहीत. ते शेवटपर्यंत पोरीचं नाव घेत होते."

भय्यासाहेब टोपी सारखी करत म्हणाले, "वहिनी, आम्हांला कोणी विचारलंच नाही."

अहल्याबाईंनी हार सतरंजीवर ठेवला. मुलगी त्या सगळ्या चेहऱ्यांकडे आळीपाळीनं पाहत होती. तिनं त्यांचा पदर ओढला आणि हळूच विचारलं, "माई, ये लोग कौन हैं?"

अहल्याबाई दचकून तिच्याकडे वळल्या. माई! डोळ्यांत आलेलं पाणी त्यांनी तिथे पडू दिलं नाही. तिचा हात घट्ट धरून त्या म्हणाल्या, "कोई नहीं, बेटा. चलो, घर चलते हैं."

त्या दोघी पायऱ्या उतरून गेल्या. मागे मास्तर म्हणाले, "पाहिलं? उपकाराची जाण नाही."

मित्रांनो, आता भय्यासाहेब आणि मास्तर दोघंही नाहीत. माझा एक पाय कुजला आहे, त्याखाली वीट लावली आहे. मला रंग द्या, पाय बसवा, असं काही मी मागत नाही. एकच मागतो. तुम्ही काही पाहिलं असेल, तर ज्याचं मूल हरवलं आहे त्याच्या दाराशी जाऊन सांगा. माझ्यावर बसून सांगू नका.