अर्ध्या तासात परत

मित्रांनो, मी एक जुनी खूणफळी आहे. हातभर लांब, चार बोटं रुंद, एका बाजूला पांढरा रंग. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. मी दिसायची ती फक्त एखादी वस्तू जागेवर नसली की.

थांबा, असं नको. जन्मापासून सांगते.

जन्माने मी बाक. एका लहान गावच्या कोर्टात साक्षीदार बसायचे तो बाक. तो मोडला तेव्हा सुताराने त्याच्या पाठीच्या बारा फळ्या केल्या, रंधा मारला, रंग दिला आणि आम्ही बारा बहिणी रेकॉर्डरूममध्ये आलो. अंधारी खोली, छतापर्यंत कप्पे, कप्प्यांत फाइली. आणि फाइलींत मृत्युपत्रं.

मृत्युपत्र म्हणजे काय, ते ठाऊक आहे ना? आपल्यामागे आपलं घर कुणाला मिळावं हे माणूस कागदावर लिहितो, दोन साक्षीदारांसमोर सही करतो आणि कागद कोर्टात सांभाळायला देतो. माणूस गेला की घरच्यांनी अर्ज करायचा. मग कोर्ट तो मूळ कागद खोलीतून मागवतं, साक्षीदारांना विचारतं आणि कागद खरा ठरवतं. याला प्रोबेट म्हणतात. मूळ कागद नसेल तर सगळं तिथेच अडतं.

माझं काम सोपं होतं. फाइल उचलली की तिच्या जागी मी उभी राहायची. अंगावर पेन्सिलीने लिहिलेलं असायचं: कोणती, कुणाकडे, कधी परत. फाइल आली की ओल्या फडक्याने मला पुसायचं.

अंगावर: क्र. ४१. न्यायाधीशांकडे. उद्या परत.
(आली. पुसलं.)
अंगावर: क्र. २०९. वकिलांना दाखवायला. जेवणाआधी परत.
(आली. पुसलं.)

लिहिणारे होते रेकॉर्डकीपर. कानावर कायम पेन्सिल, म्हणून सगळे त्यांना पेन्सिलकाका म्हणायचे. ते डावखुरे होते. अक्षर मागे झुकलेलं, वाऱ्याने लवलेल्या गवतासारखं. फाइल इमारतीबाहेर जाणार असेल तर ते वहीत नोंद करायचे. आतल्या आत फिरणार असेल तर फक्त मी. "वही कशाला?" ते म्हणायचे. "ही फळी म्हणजे माझी आठवण आहे. मी विसरेन, ही विसरायची नाही."

हे कौतुक ऐकून मी फुगले होते, मित्रांनो. लाकूड पावसाळ्यात फुगतं तशी नाही. माणसासारखी.

अंगावर: क्र. ११८. हेडक्लार्ककडे, तपासणीला. अर्ध्या तासात परत.

हे पुसलं गेलं नाही. अजून आहे.

त्या दिवशी फार उकडत होतं आणि पंखा बंद पडला होता. रेकॉर्डरूमला एकच खिडकी. तिचं तावदान वरच्या बिजागरीला टांगलेलं, खालून बाहेर ढकलायचं. ते धरून ठेवणारी दांडी केव्हाच तुटली होती. पेन्सिलकाकांनी इकडे तिकडे पाहिलं, मला कप्प्यातून ओढलं आणि तावदानाखाली टेकू म्हणून उभं केलं. "पाचच मिनिटं हं," ते मला म्हणाले. खरंच, मला म्हणाले.

वारा आत आला. माझी लिहिलेली बाजू बाहेर, रस्त्याकडे होती, पण इतक्या उंचावरची पेन्सिल खालून कोण वाचणार?

[या जागी एक परिच्छेद होता. कुणी नेला: लाज. परत कधी: सांगता येत नाही.]

कप्प्यात काय झालं ते मला नंतर कळलं. मी उठले, मधली जागा मोकळी झाली आणि क्रमांक ११७ आणि ११९ हळूहळू एकमेकींवर रेलल्या. दात पडल्यावर शेजारचे दात सरकतात तशा. काही आठवड्यांत तिथे फट होती हेही दिसेना. हेडक्लार्क त्याच आठवड्यात बदली होऊन गेले. फाइल त्यांच्या कपाटात, वह्यांच्या ढिगाखाली राहिली. नवे साहेब आले, त्यांनी नवं कपाट आणवलं. जुनं कुलूपबंद होऊन व्हरांड्याच्या टोकाला गेलं.

आणि दोन वर्षांनी टेलरताई आली.

क्रमांक ११८ तिच्या मावशीचं मृत्युपत्र होतं. मावशीला पोटचं मूल नव्हतं, एक सावत्र मुलगा होता, दूर राहणारा. नऊ वर्षं मावशीचं जेवणखाण, औषधपाणी, उठवणं-बसवणं ताईने केलं. मावशीच्या पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं आणि गावातल्या सगळ्या मुलांचे गणवेश तिथेच शिवले जायचे. "घर तुझ्या नावावर लिहून कोर्टात ठेवलंय," मावशी जाण्याआधी म्हणाली होती. सावत्र मुलगाही काही दुष्ट नव्हता. तो सरळ म्हणाला, "कागद दाखव, मी चावी देतो."

ती यायची, अर्ज द्यायची आणि बाहेर पायरीवर थांबायची. ती पायरी बरोबर माझ्या खाली.

"काका, आज काही?"

"ताई, कप्पाच्या कप्पा उपसला हो. नाही."

"नीट बघितलंत?"

"म्हणजे काय! ह्या दोन डोळ्यांनी."

"डोळ्यांचं काय सांगता, चष्मा तर कपाळावर आहे तुमच्या."

पहिल्या खेपांना ती असं हसायची. अकराव्या खेपेला हसली नाही.

कोर्टात तारीख लागली. सावत्र मुलाच्या वकिलांनी विचारलं, "कागद जमा झाल्याची नोंद आहे. मग गेला कुठे? कुणी नेल्याची खूण आहे का?"

पेन्सिलकाकांनी शपथेवर सांगितलं, "नाही. फाइल कप्प्याबाहेर असती तर जागेवर फळी असती. फळी नाही."

"म्हणजे ज्यांचा कागद, त्यांनीच तो परत नेला असणार, वहीत नोंद राहून गेली असणार. म्हाताऱ्या बाईंचं मन बदललं."

कोर्टाने ते मानलं. का नाही मानणार? मी जागेवर नव्हते ना.

महिन्याभराने शिलाई मशीन हातगाडीवरून माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. ताई मागून चालत होती. खिडकीखाली थांबली आणि वर बघून म्हणाली, "काका, येते. तुम्ही खूप शोधलंत."

"ताई, घराचं वाईट वाटतं हो."

"घराचं काय, दुसरी खोली बघितलीय. पण मावशी शेवटची दोन वर्षं माझ्या हातून जेवत होती आणि मनात असं काहीतरी होतं, हे मला कळलं कसं नाही?" मग पदराने मान पुसली. "नको असेन मी तिला. तोंडावर सांगवलं नसेल."

ती वळली आणि गाडीमागे निघाली. माझ्या अंगावर तिच्या पाठीला दिसेल असं लिहिलेलं होतं: अर्ध्या तासात परत.

तीन वर्षं गेली. खिडक्या दुरुस्त करायला सुतार आला, नव्या दांड्या घेऊन. त्याने तावदान एका हाताने उचललं आणि दुसऱ्या हाताने मला ओढलं.

"काका, हा टेकू टाकून देऊ?"

"दे इकडे. फळी आहे ती, कामाची आहे."

त्यांनी मला बाहीने पुसलं. उन्हाने पेन्सिल फिकी केली होती, पण रंगात रुतलेली अक्षरं कुठे जातात? मागे झुकलेलं अक्षर. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. परत वाचलं. मग व्हरांड्याच्या टोकाला गेले. जुन्या कपाटाची किल्ली भिंतीतल्या खिळ्यालाच लटकत होती.

परतले तेव्हा हातात फाइल होती.

सुतार म्हणाला, "काय काका, भूत बघितलंत की काय?"

निवृत्तीला आठ महिने होते. त्यांनी फडकं माठाखालच्या पाण्यात बुडवलं, पिळलं आणि माझ्याजवळ आणलं. एकदा फिरवलं असतं की झालं. फाइल कपाटात सापडली, कुणाच्या चुकीने, कोण जाणे. कुणालाही कळलं नसतं.

आणि मित्रांनो, मला वाटलं, पुसा. लवकर पुसा.

काकांनी ते ओलं फडकं स्वतःच्या तोंडावर दाबून धरलं.

आता तो परिच्छेद परत करते.

खिडकीत मला आवडलं होतं. आतली अंधारी खोली, ती धूळ, पुसलं जाणं, परत लिहिलं जाणं, सगळ्याचा मला कंटाळा आला होता. खिडकीतून रस्ता दिसायचा, सायकली दिसायच्या, शाळा सुटलेली दिसायची. लोक म्हणायचे, "वा, काय छान वारा येतोय," आणि मला वाटायचं, हे माझ्यामुळे. ताईने पहिल्या दिवशी "एकशे अठरा" म्हटलं तेव्हाच मी ओळखलं. फळीला तोंड नसतं, हे खरं. पण पडता तर येतं. जोराच्या वाऱ्यात मी कितीतरी वेळा हलले, आणि दर वेळी घट्ट टेकून राहिले. पडले असते तर कुणीतरी उचललं असतं, वाचलं असतं. मी पडले नाही. मला आत जायचं नव्हतं.

(परत आला. हा मात्र पुसू नका.)

दुसऱ्या दिवशी काका मला काखेत मारून ताईच्या भाड्याच्या खोलीवर गेले. ती गणवेशाच्या बाह्या जोडत होती. त्यांनी मला मशीनवर ठेवलं आणि शेजारी फाइल ठेवली.

तिने मला वाचलं. दोनदा.

"ही कुठे होती?"

"खिडकीत."

"कुठल्या खिडकीत?"

"तुम्ही जिच्याखाली बसायचात, त्या."

ताई रागावेल असं आम्हा दोघांना वाटलं. रागावलीही, पण नंतर, आणि चांगली कडकडून. आधी मात्र ती फाइलच्या दोऱ्यावर हात ठेवून इतकंच म्हणाली, "म्हणजे मावशीनं परत नेलं नव्हतं."

"नाही ताई. तिनं नाही नेलं."

"नव्हतं नेलं," ती म्हणाली, आणि मशीनच्या चाकावर डोकं टेकवलं.

तिने परत अर्ज केला आहे. मध्यंतरी सावत्र मुलाने घर भाड्याने दिलंय, त्यामुळे निकालाला वेळ लागेल. परवा मला साक्षीला नेलं. बाकाची फळी, परत साक्षीदारांमध्ये. माझ्या अंगावर पुराव्याचा क्रमांक चिकटवला. रेकॉर्डरूममध्ये माझ्या जागी सध्या एक पुठ्ठा उभा आहे म्हणे. त्यावर लिहिलंय: फळी कोर्टात.

न्यायाधीशांनी विचारलं, "ही जागेवरून का काढलीत?"

पेन्सिलकाका उभे होते. इतकी वर्षं ज्या कोर्टात त्यांनी फाइली आणून दिल्या, तिथे सगळ्यांसमोर मान खाली घालून. शिपाई, वकील, नवे हेडक्लार्क, सगळे बघत होते.

"वारा यावा म्हणून, साहेब," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही.

मित्रांनो, मी तुम्हाला काय उपदेश करणार? एवढंच सांगते. कुणाची वस्तू उचललीत तर तिच्या जागी खूण ठेवा. आणि ठेवलेली खूण कुणी उचलू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा. तिथे कुणीतरी येऊन बघणार असतं. काही दिसलं नाही, तर आपल्या माणसाबद्दल ते काय समजून घरी जाईल, ते आपल्या हातात राहत नाही.

काम संपल्यावर शिपायाने मला टेबलावर ठेवलं ते पालथं. मला बरंच वाटलं. लिहिलेली बाजू खाली, कुणाला दिसायला नको.

जाता जाता ताई थांबली. तिने मला उचलून उलटं केलं, अक्षरं वर आणली.

"अशी ठेवा," ती शिपायाला म्हणाली. "वाचता यायला हवं."