बांधावरचा धूर

वसंत पंचमी झाली तरी थंडी हटायचं नाव घेत नव्हती. त्या सकाळी शेतावर गेलो तर बटाट्याच्या नाल्याकडच्या दहा सऱ्या माना टाकून पडलेल्या. शेंड्याची पानं काळी, ओलसर, उकडल्यासारखी. आमच्या शिवारात बटाटा लावणारा मी पहिला. "भिला, हाई आपलं पीक नही," म्हणून अख्खं कोरीट गाव हसलं होतं आणि काढणी वीस दिवसांवर आली होती.

इकडंतिकडं पाहिलं. माझ्या आणि दोधूच्या मधल्या बांधावर राखेचा ढीग, अजून कोमट. दोधू माझा शेजारी. पलीकडं त्याचा कांदा. मी माणसांवर पटकन विश्वास ठेवत नाही. ठेवला की पस्तावतो.

"हाई कसाले पेटाडं रे?" मी विचारलं.

"थंडी शे ना भो," म्हणाला आणि कांद्यात वाकून निंदायला लागला.

एवढंच! सरळ माणूस चार शब्द जास्त बोलला असता. नक्की कुठंतरी पाणी मुरत होतं. ठिबकच्या जुन्या नळ्या जाळल्या असणार, त्या धुराचं विष माझ्या पानांवर बसलं असणार.

माझी मुलगी चेतना लोणखेड्याला शेतीचं शिकते. दुपारी तिला घेऊन गेलो. म्हटलं, शिकलेल्या तोंडून पुरावा आला की चार लोकांत वजन पडतं. तिनं पान उलटंसुलटं केलं, झाड मुळापर्यंत बघितलं, नाल्यापर्यंत जाऊन आली.

"आप्पा, पानना खाले पांढरी बुरशी नही, म्हंजे करपा नही. शेंडाच जयेल शे, खालनं झाड हिरवं शे. नाल्याकडे खोलगट शे, गार हवा तठेच साचस. तठला एरंड बी काया पडना. हाई थंडीनं काम शे."

"आनि धूर?"

"धूर व्हता तठे बांधजोडे तं बठ्ठं हिरवंगार शे."

"धूर वर जास आनि दूर जाईसन पडस," मी म्हणालो. शिकलेल्या पोरांना पानं कळतात, माणसं कळत नाहीत.

संध्याकाळी बघतो तर बांधावर एक सोडून तीन ढीग! खाली कापसाची वाळकी पऱ्हाटी, वर पाचट आणि ओला पाला. पहाटे पेटवून उरलेला बटाटाही संपवायचा बेत, दुसरं काय? माझं डोकंच फिरलं. दोधू घरी जाईपर्यंत दम धरला आणि हौदातून बादल्या भरभरून तिन्ही ढीग चिंब केले. घरी येऊन पोटभर जेवलो.

सकाळी शेतावर गेलो. सगळा बटाटा काळा. बांधालगतच्या सऱ्यासुद्धा. दोधू एका ढिगाशी उकिडवा बसला होता. डोळे लाल, पुढ्यात जळक्या काड्यांचा सडा.

"पेटनंच नही भो," तो म्हणाला. "चार वाजापाईन करी ऱ्हायनू. दहिवर पडनं व्हई. मीच झाकाले पाहिजे व्हतं."

"तुन्हा कांदासाठे?" मी विचारलं.

"कांदाले हाई थंडी काय करस? तुन्हा बटाटासाठे. धूरखाले थंडी बसस नही. काल धूर थोडासाच व्हता, बांधजोडेनंच वाचनं. म्हनीसन तीन ढीग करात."

पिळलं तर पाणी गळेल अशी पऱ्हाटी हातात धरून तो दवाला दोष देत होता. दवानं कुणाचा ढीग बुडापर्यंत भिजतो? पण माझ्यावर संशय घ्यायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. माझी मलाच इतकी लाज वाटली की गप्प बसवेना.

"दहिवर नही, दोधू. मी पानी टाकं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग काळ्या पडलेल्या शेताकडं. हातातली पऱ्हाटी हळूच खाली ठेवली, पंचा झटकला आणि उठला. त्याच्या घराची वाट माझ्या शेतातूनच जाते. त्या दिवशी तो रस्त्यानं लांबून गेला.