दिल्लीचा नळ आणि तिसरा माळा

बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते, कारण कुणी काय केलं हे नीट कळायला हवं. माझ्या नवऱ्याचं नाव दौलत. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचा आणि गिरणी सुटली की समितीचं. संयुक्त महाराष्ट्राचा एकही मोर्चा त्यानं चुकवला नाही. फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला तेव्हा तो तिथंच होता आणि लाठी खाऊन घरी आला होता. त्याच्या खांद्याला मीच हळद लावली. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण अभिमान आहे म्हणून माणसाचा मूर्खपणा डोक्यावर घेऊन नाचायचं, असं मला कुणी शिकवलं नाही.

आमची चाळ लालबागची. आम्ही सगळ्यात वर, तिसऱ्या माळ्यावर राहायचो: दौलत, मी, धाकटा दीर आणि त्याची बायको शेवंती. प्रत्येक माळ्याच्या टोकाला एक मोरी आणि मोरीत सगळ्यांच्या सामाईक वापराचे नळ. पाणी पहाटे यायचं आणि थोडा वेळ टिकायचं. तेवढ्यात अख्ख्या माळ्यानं भरून घ्यायचं. पाणी खालून वर चढत यायचं, म्हणजे खालच्यांनी सोडलं तर आम्हाला मिळणार, हे उघड होतं.

चाळीचे मालक मनमोहनराव गिरगावात राहायचे. जुन्या प्रभू घराण्यातले, अंगात पांढरा कोट, बोलणं मऊ. पाणीखात्यानं त्यांना बजावलं होतं की तुमच्या चाळीत पाणी फार वाया जातं, नळ बदला. त्याच सुमारास दिल्लीच्या एका संस्थेनं नळ कसा असावा याचे नियम सगळ्या देशासाठी ठरवले होते. पितळ किती जाड हवं, चावी किती दाबाला टिकायला हवी, सगळं. त्या नियमांना उतरलेल्या नळावर शिक्का असायचा. मनमोहनरावांनी तसे नळ आणून सगळ्या मोऱ्यांत बसवले. इथवर त्यांचं काही चुकलं नाही. चुकलं ते हे, की चौकात उभं राहून ते कौतुकानं म्हणाले, "दिल्लीहून पास झालेला माल आहे, बरं का!"

झालं. एकोणीसशे एकोणसाठ साल चाललेलं. दिल्ली मुंबई द्यायला तयार नाही म्हणून पोरं मेलेली, आणि हे गृहस्थ आमच्याच चौकात दिल्लीचं कौतुक सांगतायत! त्याच रविवारी चाळीतल्या पुरुषांची सभा बसली आणि दिल्लीच्या नळावर बहिष्कार घालायचं ठरलं. दौलतनं स्वतः पाना हातात घेतला. सगळे नळ काढले, सुतळीत ओवले आणि चाळीच्या दारावर त्याचं तोरण बांधलं. खाली खडूनं पाटी: 'दिल्लीचा नळ, दिल्लीलाच लखलाभ'. येणारे-जाणारे थांबून वाचायचे, हसायचे. मीही त्या दिवशी हसले, खोटं कशाला बोलू.

काढलेल्या नळांच्या जागी रामजीचे नळ लागले. रामजी आमचाच, कोकणातला. लालबागेत त्याचं पितळ ओतायचं लहानसं दुकान होतं. माणूस सज्जन, पण भंगार वितळवून नळ करायचा, आणि पितळ पातळ. थोडे दिवस बरे गेले. मग नळ ठिबकायला लागले. आवळून चावी फिरवली तरी ठिबकायचे, आणखी आवळली तर चावीच हातात यायची. खालच्या माळ्यांना त्याचं काही नव्हतं, कारण त्यांच्याकडं पाणी भरपूर यायचं. पण पहाटे खाली ठिबकून आणि चाव्या निघून धो धो वाहून गेलेलं पाणी वर कुठून येणार? तिसऱ्या माळ्यावरचा नळ आधी करंगळीएवढा झाला, मग नुसता फुसफुसायला लागला.

दौलतला हे कळलंच नाही. पाणी भरणं त्याच्या खात्यात नव्हतं. त्याला उठल्यावर तांब्या भरलेला दिसायचा, मग तो मोर्च्याच्या गोष्टी सांगायचा. पाणी आम्ही तळमजल्यावरून आणायचो, डोक्यावर हंडा आणि काखेत कळशी घेऊन. मी एकटी आणू म्हटलं तरी पुरत नव्हतं, आणि शेवंती ऐकायची नाही. तिला सातवा महिना लागला होता. पहिली दोन मुलं पोटातच गेली होती तिची. या वेळी तिला मी जपेन, असा मी तिच्या आईला शब्द दिला होता.

एका सकाळी दुसऱ्या माळ्याच्या जिन्यावर हंडा पडल्याचा आवाज आला. मी धावले. शेवंती पायरीवर बसलेली, सगळी भिजलेली, दोन्ही हात पोटावर.

"काय नाय झाला, अक्का," ती म्हणाली. "पाय मुरगळलो फक्त."

तिचे ओठ पांढरे पडले होते. सुईणीनं येऊन पाहिलं आणि बाळ ठीक आहे म्हणाली, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. आणि त्यानंतर जो राग आला तो सांगता येत नाही. मी दौलतला म्हटलं, ते दारावरचे नळ काढून बसवा.

"तुका राजकारण कळाचा नाय," तो म्हणाला. "आज नळ घेतलो, तर उद्या दिल्ली म्हणात, बघा, मराठी माणूस वाकलो."

"मगे उद्यापासून पाणी तुमी आणा."

तो हसला आणि समितीला निघून गेला.

दोनच दिवसांत पाणीखात्याचे साहेब पहाटे पाण्याच्या वेळीच आले. सगळ्या मोऱ्या फिरले, ठिबकणारे नळ पाहिले, आणि सांगून गेले की सोमवारपर्यंत शिक्क्याचे नळ लागले नाहीत तर चाळीचं पाणीच तोडणार. हे ऐकून पुरुषांच्या अंगात वारं शिरलं. रविवारी चौकात सभा. पाणीखात्यावर मोर्चा न्यायचा, पाणी तोडायला येणाऱ्याला चाळीत पाऊल ठेवू द्यायचं नाही, घोषणा कोणत्या द्यायच्या, सगळं ठरत होतं. पाणी तोडलं तर शेवंतीनं काय करायचं हे मात्र कुणी ठरवत नव्हतं.

मी तिसऱ्या माळ्यावरच्या बायकांना हाक मारली. आम्ही खाली उतरलो. मी दारात स्टूल ठेवलं, त्यावर चढले आणि कोयतीनं तोरणाची सुतळी कापायला लागले.

सभा थांबली. दौलत पुढं आला. "खाली उतर, मीरा. तोरणाक हात लावू नको. चाळीचो ठराव हा तो."

"ठराव केलात तेव्हा तिसऱ्या माळ्याक इचारलात?"

"दिल्लीपुढं मान वाकवायची काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मान माझी वाकता!" मी स्टुलावरूनच ओरडले. "रोज वाकता, हंड्याखाली. तुमची एकाची तरी वाकली? मीही मोर्च्यात चाललंय, मीही घोषणा दिलंय. मुंबई आपली झाली पाहिजे म्हणून माझोही घसो बसलोय. पण मुंबई आपली झाली की तिच्यात असले गळके नळ लावणार काय? शेवंतीच्या पोटातला पोर पडला असता, तर त्याचो ठराव कुणी केलो असतो?"

सुतळी तुटली आणि नळ खणखणत फरशीवर पडले. मी दौलतपुढं हात केला. "पाना द्या."

त्यानं दिला नाही. चार माणसांसमोर बायकोच्या हातात पाना कसा द्यायचा! मग सभेच्या सतरंजीवरचा पाना मीच उचलला. बायकांनी मुख्य चावी बंद केली, नळांच्या आट्यांवर गिरणीतलं सूत गुंडाळलं, गळू नये म्हणून वर सफेदा लावला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या मोऱ्यांत नळ बसवले. रामजीचे काढलेले नळ मी पिशवीत घालून त्याच्या दुकानात नेऊन दिले, कारण त्यांचं तोरण करायची माझी इच्छा नव्हती. त्या रात्री दौलत माझ्याशी बोलला नाही. सकाळी तिसऱ्या माळ्यावर नळाला पाणी आलं, तरीही बोलला नाही.

सोमवारी साहेब आले, नळ पाहून खूश झाले. "शहाण्या आहात. दिल्लीचं ऐकलंत, बरं केलंत."

"दिल्लीचं नाही ऐकलं, साहेब," मी म्हटलं. "नियम चांगला होता म्हणून घेतला. वाईट असता तर तुमच्यासकट परत पाठवला असता."

साहेबांनी चष्मा पुसला आणि जिना उतरले.

नुसत्या शिक्क्यावर मात्र मी विसंबले नाही. शेगडीची कोरडी राख चाळून परातीत पसरायची, परात बंद नळाखाली ठेवायची आणि पाण्याची वेळ संपेपर्यंत वाट बघायची. एक थेंब पडला तरी राखेत भोक दिसतं, मग कुणालाच वाद घालता येत नाही. दिल्लीच्या एका नळाखाली भोक पडलं. दौलतचं तोंड तेव्हा उघडलं. "बघ, तुझी दिल्ली गळता!" तोरणात उन्हात टांगून आतली चामड्याची चकती वाळली होती, हे मी त्याला चावी उघडून दाखवलं. मनमोहनरावांकडून नवं चामडं आणवलं, नळ पुन्हा राखेवर ठेवला, आणि मग पास केला. त्या दिवसापासून चाळीत रीतच पडली. नळ कुणाचाही असो, तिसऱ्या माळ्याच्या राखेवर उतरल्याशिवाय बसायचा नाही.

शेवंतीला मुलगी झाली. रामजीला माझा राग आला होता, पण तो बारसं जेवायला आला आणि जाताना मोरीत बराच वेळ उभा राहिला. "माझो नळ पण राखेवर बघशील?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, आणा. दोनदा आणला. दोन्ही वेळा भोक पडलं आणि मी परत दिला.

पुढच्या वर्षी मेच्या पहिल्या तारखेला महाराष्ट्र झाला. मुंबईसह. लालबागेत कुणी झोपलं नव्हतं. गॅलरीत कंदील, चौकात लेझीम, अनोळखी माणसं एकमेकांना पेढे भरवत होती. मी शेवंतीच्या पोरीला कडेवर घेऊन रडत होते आणि हसतही होते. पहाटे पाणी यायच्या सुमारास ताशाच्या गजरात पुरुष तिसऱ्या माळ्यावर आले. पुढं दौलत, कपाळभर गुलाल. त्याच्या शेजारी रामजी, हातात झळझळीत नवा नळ. नळावर त्यानं कोरलं होतं: महाराष्ट्र.

"पहिलो मान तिसऱ्या माळ्याचो," दौलत म्हणाला. त्यानं दिल्लीचा नळ काढला आणि रामजीचा बसवला. सगळ्यांनी जयजयकार केला.

मी पोरगी शेवंतीकडं दिली आणि परातीत राख पसरली.

"मीरा," दौलत हळूच म्हणाला, "आजच्या दिवशी तरी नको गो."

"आजच बघायचा," मी म्हटलं. "ह्या राज्य आपला ना? मग त्याचो नळ सगळ्यात आधी तपासायचो."

पाणी आलं. पाइप घरघरला. ताशा थांबला, आणि सगळे परातीकडं बघत राहिले. खूप वेळ काही झालं नाही. रामजीचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असावा. मग चावीखाली एक थेंब जमला, लोंबला आणि पडला. राखेत भोक.

रामजीनं डोळे मिटले. मला तेव्हा त्याला मिठी मारावी असं वाटलं, इतका तो नळ सुरेख होता. पण नापास तो नापास.

"लाव गो तसोच," मागून कुणीतरी म्हणालं. "एक थेंब तर आसा."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधी दौलत वळला. "एक थेंब खाली पडलो की वर हंडा रिकामो रवता," तो त्या माणसाला म्हणाला. "तू भरून आणशील?" मग त्यानं गुलालाचे हात लुंगीला पुसले, रामजीचा नळ अलगद काढून त्याच्या हातात दिला, आणि खाली ठेवलेला दिल्लीचा नळ पुन्हा आपल्या हातानं बसवला.

महाराष्ट्राचं पहिलं पाणी आम्ही त्याच नळानं भरलं. हंडा दौलतनं उचलला.