कढईनं पाहिलेलं भोजनदान

मी कढई बोलतेय. बीदर जिल्ह्यातली म्हटलं की लोकांना चांदीचं नक्षीकाम आठवतं. मी तसली नव्हे. काचेच्या कपाटात बसून कौतुक करून घेणं माझ्या नशिबी नव्हतं. मी साधी लोखंडी, बुडाला गोल, दोन कानांची. हुमनाबादच्या बसस्टँडजवळ नरसिंगची चायनीजची गाडी लागते, तिथं संध्याकाळी मी तुम्हाला भेटेन.

माझा जन्म नौबादच्या रस्त्यालगत एका घिसाड्याच्या पालापुढे झाला. नवरा सांडशीनं धरायचा आणि बायको घण घालायची. इतका मार खाऊन जी तयार झाली, ती विस्तवाला काय भिणार? तिथून नागूबाईनं मला उचललं. नागूबाई म्हणजे नरसिंगची आई. तिनं मला बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं, उन्हात धरून भोक-बिक नाही ना ते पाहिलं, आणि घरी नेऊन तेल-कांद्यानं घासघासून काळी कुळकुळीत केली.

घरची चव मी तिच्याकडूनच शिकले. आपल्या स्वयंपाकाला घाई चालत नाही. तेल तापू द्यायचं, मोहरी तडतडू द्यायची, लसूण लाल होऊ द्यायचा, येसराचा भाजका मसाला घातला की झाकण ठेवून गप्प बसायचं. मग धने कुठले, जिरं कुठलं, खोबरं कुठलं, हे कुणाला वेगळं काढता येत नाही. नांदत्या घरात जसे सगळ्यांचे स्वभाव एकमेकांत मुरतात, तसंच हे.

पुढे नरसिंगनं चायनीजची गाडी टाकली. तेव्हापासून सकाळी घर आणि संध्याकाळी गाडी, असं माझं चाललंय. तिथला जाळ म्हणजे नुसता भडका. कोबी पडायचा अवकाश, लगेच मिरची, सॉस, व्हिनेगर. मुरायला वेळच नाही. खाणाऱ्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं की तो म्हणतो, मस्त झालंय. मला आधी ते आवडत नसे. पण खरं सांगू? सॉसच्या आत आपलंच आलं-लसूण आणि आपलाच तिखटाचा हट्ट असतो. नावानं परकं, जिभेनं घरचंच.

नरसिंगची मुलगी संध्या हैदराबादला एका हॉटेलात स्वयंपाकाचं काम करते. तिनं सुट्टीत येऊन मला तिसरी चव दाखवली. थायलंडची. तिच्यात फोडणीच नाही! आधी नारळाचं दूध, मग गवती चहा, लिंबाची पानं, चिंच, गूळ. मला वाटलं, पोरगी चहा करायला निघाली आणि भाजी करून बसली. पण वास सुटला तेव्हा मी चकित झाले. आंबट, गोड, खारट, तिखट, सगळे पंगतीत बसल्यासारखे आपापल्या जागी. कुणी कुणात मिसळत नाही आणि कुणी कुणाला ढकलतही नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. नागूबाईच्या अंगावर सूज चढू लागली आणि डॉक्टरांनी तिचं मीठ बंद केलं. सून विमलबाई, म्हणजे नरसिंगची बायको, तिच्यासाठी वेगळं, अळणी करू लागली. नागूबाईचा जीव पुंडीच्या भाजीवर. पुंडी म्हणजे तुमची अंबाडी. विमलबाई ती आधी तिच्यासाठी बिनमिठाची काढायची, मग बाकीच्यांच्या भाजीत मीठ घालायची. म्हातारी घास तोंडात घोळवत म्हणायची, "चव न्हाई गं. चिमूटभर घाल की." विमलबाई काही घालायची नाही. सासूवर तिचा राग नव्हता, उलट तिला जगवायचं होतं. डॉक्टरचं नाव सांगून ती मिठाचा डबा उचलून वर ठेवायची. असे काही महिने गेले आणि मग नागूबाईही गेली.

तेव्हापासून विमलबाईच्या मनाला एकच गोष्ट टोचत होती. आत्याला, सासूला ती आत्याच म्हणायची, शेवटचा घाससुद्धा मनाजोगा दिला नाही. वर्ष होत आलं तेव्हा तिनं ठरवलं, आत्याच्या नावानं भोजनदान करायचं आणि जेवणारा तृप्त होऊन उठला पाहिजे. त्या सुमाराला गावातल्या बुद्धविहारात थायलंडचे एक भन्ते वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहिले होते. विहारातले आप्पाराव गुरुजी त्यांच्याशी इंग्रजीत बोलत. गुरुजींनी निमंत्रण पोचवलं आणि भन्तेंनी मान हलवली.

झालं! घरात कोण काय करणार यावरून जुंपली. नरसिंग म्हणाला, नूडल्स आणि मंचुरियन मी करतो. "थायलंड काय आन् चीन काय, शेजारीच की. पाव्हण्याला घरचं वाटंल."

संध्या हसली. "बाबा, तुमचं चायनीज चीनच्या माणसानं बघितलं बी नसंल. ते हुमनाबादचं हाय."

ती थायी भाजी करायला निघाली. विमलबाई दोघांचंही ऐकेना. दान आत्याच्या नावाचं, तर पुंडी आणि भाकरीच व्हायला हवी, असं तिचं म्हणणं. शेवटी तिघांनीही करायचं ठरलं. कढई मात्र मी एकटीच, आणि भन्ते दुपारी बारानंतर घास घेत नाहीत.

पहिला मान विमलबाईचा. पुंडी तुरीच्या डाळीबरोबर शिजवून, घोटून तयार होती. तिनं माझ्यात तेल सोडलं, लसूण ठेचून टाकला, भाजी ओतली, एक उकळी आणली. माझ्या लोखंडात आंबट फार वेळ राहू देत नाहीत, म्हणून लगेच पातेल्यात काढली. मी वाट पाहतेय, आता मीठ घालील, मग घालील. मिठाचा डबा शेजारीच होता. तिचा हात तिकडे वळलाच नाही. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. आणि चाखायचं तर कुणीच नाही. दानाचं अन्न पाहुण्याच्या आधी जिभेला लावायचं नाही, ही नागूबाईनंच घातलेली शिस्त.

मला घासून संध्याच्या हवाली केलं. थायी लोक खारटपणासाठी माशाचं पाणी वापरतात म्हणे. ते हुमनाबादेत कुठलं मिळणार? तिनं बापाच्या बाटलीतला सोयासॉस घातला, तेव्हा नरसिंग मिशीत हसला. शेवटी त्यानं जाळ मोठा करून नूडल्स परतले. सगळं वाढायच्या भांड्यांत गेलं. त्या घाईत मला कुणी खालीसुद्धा उतरवलं नाही, म्हणून पुढचं सगळं मला चुलीवरून दिसलं.

भन्ते आले. त्रिशरण-पंचशील झालं. त्यांनी भिक्षापात्र पुढे केलं. विमलबाईनं आधी पुंडी वाढली, भाकरी कुस्करून घातली. संध्यानं तिची भाजी, नरसिंगनं नूडल्स. गवती चहाचा वास आला तसे भन्ते क्षणभर थांबले. संध्याच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. आणि मग त्यांनी हातानं ते सगळं एकत्र कालवलं. नूडल्स, नारळाचं दूध, पुंडी, भाकरी, सगळा एकच गोळा!

तिघांचीही तोंडं उतरली. गुरुजींनी हळूच सांगितलं की यांची रीतच तशी आहे, चवीच्या मागे मन धावू नये म्हणून. भन्ते शांतपणे जेवले. पात्रात कण ठेवला नाही. विमलबाईनं गुरुजींना विचारायला सांगितलं, आवडलं का. गुरुजी म्हणाले, भिक्षूला असं विचारू नये. तिला फार चुकल्यासारखं वाटलं. ज्यासाठी एवढं केलं, तेच कळेना.

आशीर्वाद झाल्यावर घरचे जेवायला बसले. भन्ते भिंतीशी गुरुजींबरोबर बसून होते. विमलबाईनं भाकरी मोडली, पुंडीचा घास घेतला आणि हात तसाच ताटात राहिला.

"ह्याच्यात मीठच न्हाई," ती म्हणाली.

नरसिंगनं बोट लावून पाहिलं. संध्यानं कामून विसरलीस म्हणून विचारलं.

"इसरले न्हाई गं. पुंडी म्हणलं की हात मिठाकडं जातच न्हाई आता."

तिनं भन्तेंपुढे हात जोडले, अळणी वाढलं म्हणून. गुरुजींनी समजावून सांगितलं. भन्ते म्हणाले, मला कळलं होतं, पण पात्रात बाकीच्यांचं मीठ होतं, जेवण चांगलं झालं. गुरुजींनी ते मराठीत सांगितलं. नरसिंगला बरं वाटलं. त्यानं बायकोच्या ताटाशी मिठाची वाटी सरकवली.

विमलबाईनं ती बाजूला केली. तिनं दुसरा घास घेतला, तोंडात घोळवला, कसाबसा गिळला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आत्यानं हे खाल्लं, रोज. आन् मी एकदाबी चाखून बघितलं न्हाई. वाढायची आन् कामाला लागायची."

तिसरा घास घेतला. चौथा घेतला. नरसिंगनं आपल्या ताटातले नूडल्स कडेला सारले आणि ती पुंडी वाढून घेतली. संध्यानंही घेतली. मिठाची वाटी मध्ये तशीच होती आणि तिघं आईची, सासूची, आजीची अळणी भाजी संपवत होते. वर्षभर सासूसाठी विमलबाई अशी रडली नव्हती.

आता माझा एक कान हलायला लागलाय. नरसिंग नवी कढई बघतोय. गाडीवरून उतरवलं तर विमलबाई मला घरात ठेवील, असं वाटतंय. नाही ठेवली तर भंगारात जाईन, त्याचंही फार दुःख नाही. तीन मुलखांच्या चवी माझ्या अंगात मुरल्यात, लोखंडाला याहून काय हवं?

जाता जाता तुमच्याजवळ एक मागते. तुमच्या घरात कुणी पथ्यावर असेल तर डॉक्टरांचं ऐका, त्याला चोरून मीठ देऊ नका. पण एक दिवस त्याचंच जेवण स्वतःच्या ताटात वाढून घ्या आणि त्याच्या शेजारी बसून शेवटच्या घासापर्यंत खा. तो असताना खा.