बेटावरच्या दिवलीला पाणी पुरे

मित्रांनो, आधी त्या दीनाबद्दलचं माझं गाऱ्हाणं ऐका, मग माझं नाव विचारा. यंदाच्या उन्हाळ्यात ही बाई रोज सकाळी पाच लिटरचा तेलाचा डबा धरणाच्या पाण्यानं भरून आणायची आणि थेट माझ्या डोक्यावर ओतायची. ऐन वैशाखात! मी गाढ झोपलेली. विचारणं नाही, पुसणं नाही. वर मायेनं म्हणायची, "पी गं बाय, पी. लाजू नकोस."

लाजते कशाला? घशाशी आलं होतं माझ्या.

मी दिवली. पावसाळ्यात माझी वेल गवताचा हात धरून वर चढते आणि तिला कंदिलासारखी इवली फुलं येतात, म्हणून जुन्या माणसांनी हे नाव ठेवलं. पुस्तकात माझं आणखी एक लांबलचक नाव आहे. ते मला उच्चारता येत नाही आणि त्यावाचून माझं कधी अडलंही नाही. माझं शिक्षण म्हणजे वाऱ्यानं जेवढं कानावर आणलं तेवढंच.

वेल दिसते ती म्हणजे माझं लुगडं. खरी मी मातीखाली असते, मुठीएवढा कंद. दिवाळी सरली की लुगडं वाळतं. ते मी टाकून देते आणि पुढच्या पावसापर्यंत झोपते. माझ्या आईनं असंच केलं, तिच्या आईनंही. चिलटं माझ्या फुलात शिरली की मी त्यांना रात्रभर ठेवून घेते आणि सकाळी पाठीवर परागाची पुडी देऊन सोडते. पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायची आमच्यात पद्धत नाही.

मी जन्मले तेव्हा हे बेट नव्हतं. साधी माळाची टेकडी होती. मेंढरांमागची माणसं भूक लागली की आमचा कंद उकरून खायची, पण डोळा असलेला वरचा तुकडा पुन्हा मातीत खोचून ठेवायची. त्यामुळे आमचं कुळ टिकलं. मग खाली धरण झालं. धरणाच्या पाण्याचा फुगवटा वर वर आला. उतारावर माझ्या बहिणी होत्या. पाणी चढत गेलं तशी एकेक जण गप्प झाली. मी माथ्यावर होते म्हणून वाचले. त्यात माझी हुशारी काही नव्हती, हे मी गर्विष्ठ असले तरी सांगते.

पुढे शहाण्या माणसांनी इकडे तिकडे शोधलं, कुणी सापडेना, म्हणून पुस्तकात लिहून टाकलं की दिवली संपली. मी इथं जिवंत बसलेली आणि तिकडे माझा दहावा उरकलेला! नगरच्या कॉलेजात झाडांचा अभ्यास करणारी राजनंदिनी आली नसती तर मेलेलीच राहिले असते मी. मागच्या श्रावणात ती दानीएलच्या तराफ्यावर बसून बेटावर आली. दानीएल मासे धरतो आणि काठावर कांदा करतो. माझं फूल दिसलं तशी ती पोरगी गवतात गुडघ्यावर बसली आणि रडायला लागली. दानीएल घाबरला.

"मॅडम, काय चावलं का?"

"नाही हो दादा. ही आहे. अजून आहे."

त्या दिवसापासून मी संपलेली नाही, 'अत्यंत धोक्यातली' आहे. म्हणे जगात फक्त या बेटावर आम्ही उरलो, त्याही बोटांवर मोजण्याइतक्या, आणि बी धरणारी जुनी वेल मी एकटी. मला आधी राग आला. धोक्यातली म्हणे! पण बहिणी आठवल्या आणि राग गिळला.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बेटाला चिखलातून वाट पडते आणि शेळ्या चरायला येतात. म्हणून राजनंदिनीनं दानीएलच्या बायकोला, दीनाला, राखणीला ठेवलं. दीना बाई चांगली. शेळी दिसली की असा दगड भिरकावायची की शेळीला लागत नसे, पण अब्रू जात असे. फक्त एक झालं. मी उन्हाळ्यात झोपते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. माझं वाळून पडलेलं लुगडं दिसलं आणि तिला वाटलं, मी तहानेनं मरतेय.

दीनाचं माहेर टँकरच्या गावचं. तिथे घरी आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या देतात, बोलणं मागाहून. वाळलेल्याला पाणी द्यायचं, एवढं ती आईच्या पोटातून शिकून आली होती. तिनं जवळ होतं त्यातलं सगळ्यात मोलाचं मला दिलं. आणि मी खालून कुजायला लागले.

पंधरवड्यात तिला वास आला. तिनं बोटानं माती उकरली, माझ्या अंगाला हात लावला. बोट आत गेलं. तिनं डोक्यावर पदर घेतला, ओठातल्या ओठात प्रार्थना केली आणि दोन्ही हातांनी मला उकरून पदरात घेतलं. मित्रांनो, माझ्या सात पिढ्यांत या टेकडीबाहेर पाऊल कुणी टाकलं नव्हतं. मी गेले, तेही पदरातून.

दानीएलनं पाहिलं आणि हातातलं जाळं खाली ठेवलं. "अगं, हात लावायचा न्हाई म्हणून सांगितलं हुतं ना? आत टाकतील दोघांना!"

"टाकू द्या. तवर ही जगली पायजे. कांद्याच्या चाळीतली सुरी कुठंय?"

कांदा साठवतात त्या चाळीत एक कांदा सडला की तो हेरून काढावा लागतो, नाहीतर शेजारचे जातात. त्या कामात दीनाचा हात तयार होता. तिनं सुरी जाळावर धरली आणि माझं सडलेलं निम्मं अंग कापून काढलं. जखमेवर चुलीतली राख चोळली. मग चाळीच्या सावलीत, वारा लागेल अशा जागी, कांद्यांच्या शेजारी मला निजवलं. कांदे बडबडे असतात. मी मात्र तोंड मिटून पडून होते, कारण दुखत होतं.

संध्याकाळी तिनं स्वतःच फोन लावला. दानीएल हातवारे करून 'नको नको' म्हणत होता. तिनं सगळं सांगितलं, डब्यासकट. दुसऱ्या दिवशी राजनंदिनी आली. डोळे लाल.

"दीनाताई, कापायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"पानी घालायला बी कुनी सांगितलं नव्हतं, मॅडम. ती चूक माझीच हाय. हे कापलं ती चूक का न्हाई, पाऊस आल्यावर कळंल. राखणीला दुसरं मानूस बघायचं तर बघा. पर हिला हितनं हलवू नका, जखम वाळू द्या."

राजनंदिनीनं वाकून माझी जखम पाहिली. मग खाली बसली. "ती उन्हाळ्यात झोपते, हे मीच सांगायला हवं होतं. चहा टाका, दीनाताई."

जखम सुकल्यावर दोघींनी मला परत माथ्यावर पुरलं. त्यानंतर दीनाचे हाल सुरू झाले. रोज यायचं आणि काहीच करायचं नाही! ती शेजारी बसायची, बाटलीतलं पाणी स्वतः प्यायची आणि उरलेलं छातीशी धरून ठेवायची. मला खालून सगळं कळत होतं. पाणी न देणं तिला फार जड जात होतं.

मित्रांनो, तुम्हीही कुणावर माया कराल. झाडावर, वासरावर, घरातल्या म्हाताऱ्या माणसावर. खुशाल करा. पण आपल्याला जे आवडतं तेच समोरच्याच्या घशात ओतू नका. तो झोपलाय की तहानलाय, एवढं तरी बघा.

मृगाचा पाऊस दोनदा पडला आणि उघडला. आज सकाळी मी वर डोकं काढलं. दोन पानं, निम्म्या अंगाच्या जिवावर. दीना आली, वाकली आणि तिनं बोटानं दोन्ही पानं मोजली. तिचा हात सवयीनं बाटलीच्या झाकणाकडे गेला. तिथेच थांबला. तिनं झाकण पुन्हा घट्ट लावलं, बाटली पाठीमागे गवतात ठेवली आणि हात मांडीखाली दाबून बसली.

झाडाला तोंड नसतं, असं तुमच्या पुस्तकात असेल. असू दे. मी मोठ्यानं बोलले.

"दीना, तुझ्यासारखी खुळी बाई या फुगवट्याच्या दोन्ही काठांवर मिळायची नाही. बुडवायला निघालीस मला. पण कापताना तुझा हात थरथरला नाही आणि फोन करताना जीभ अडखळली नाही. आता ऐक. बी धरलं की माझ्या लेकी तुझ्या हाताखाली देणार आहे मी, दुसऱ्या कुणाच्या नाही. रडू नकोस. मला ओल सोसत नाही."