एका पोत्यावरून

मी दारव्ह्याच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. एखादी गोष्ट हजारदा घडली म्हणून पुढच्या वेळी घडेलच असं सिद्ध होत नाही, हे दरवर्षी खडू झिजवून सांगते. आमच्या बंजारा तांड्यात मात्र माझ्या तर्कशास्त्राला कुणी हिंग लावूनही विचारत नाही.

लालीबाई माझी सासू; मी तिला याडी, म्हणजे आई, म्हणते. तिचं घरचं सोयाबीन अकरा वर्षं सारा तांडा बियाणं म्हणून पेरतो, आणि एकदाही कुणाचं वावर मोकळं राहिलेलं नाही. यंदा पेरणीला महिना असताना मी म्हटलं, "याडी, वाटण्याआधी उगवण पाहू."

"काहून? अकरा वर्षं काय झक मारली म्या?" ती भडकली. "वीस घरं माह्या भरवशावर पेरते. नाव खराब करतं का माहं?"

"अकरा वर्षायनं यंदाचं काय सांगतलं?"

मीही हट्टी. पोत्यातले शंभर दाणे मोजले, ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडले, गुंडाळी करून ठेवली. सहाव्या दिवशी उघडली तर ब्याण्णव दाण्यांना मोड! मी नाचायचीच बाकी होते. "झालं, याडी! बियाणं खणखणीत हाय. वाटून टाक."

सासूनं गुंडाळी खालीवर करून पाहिली. "हे दाणे कोण्या पोत्यातले?"

"वरच्या."

"मंग खालच्या पोत्यायचं तू कशावरून म्हणतं?"

पंधरा वर्षं पोरांना जे शिकवते, ते चौथी शिकलेल्या बाईनं मला माझ्याच अंगणात शिकवलं. राग आला. खरं सांगते, अभिमानही वाटला.

मग बेचाळीस पोती, बेचाळीस गुंडाळ्या. तळाची सहा सोडून बाकी सगळी उत्तम निघाली. त्या सहांत मात्र शंभरात तीस दाणेही उगवले नाहीत. एरवी आम्ही चार पोत्यांवर पाचवं चढवत नाही. यंदा पीक उदंड, जागा कमी, म्हणून सासूनंच सात-सात पोत्यांची थप्पी लावून घेतली होती. सोयाबीनची साल पातळ, ओझ्याखाली तळाचे दाणे तडकले.

ती पोती गुपचूप बाजूला काढता आली असती. सासूनं तांडाच गोळा केला. "थप्पी म्या लावली. चूक माही हाय."

तांड्याचे प्रमुख, नायक अमरसिंग म्हणाले, "मंग बाकीच्यायवर तरी भरवसा कसा ठेवावा?"

"ठेवूच नोका. घरी न्या अन् आपल्या हातानं शंभर मोजा."

वीसही घरांनी मोजले. नायकांच्या घरात तर दोनदा मोजले गेले.

पेरणीनंतर आठव्या दिवशी आम्ही दोघी बांधावर गेलो. तांड्याच्या शिवारात एक ओळ तुटकी नव्हती. मला रडूच आलं. पलीकडून नायक ओरडले, "लाली, तुहं बियाणं कधीच धोका देत नाही!"

सासूनं कमरेवर हात ठेवले आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "देते ना! यंदा म्याच पकडलं त्याले."